न्यूट्रॉन प्रकीर्णन : संशोधनाची वाटचाल आणि भवितव्य

कावेरीच्या काठी वसलेले तमिळनाडूतील कुंभकोणम मराठी वाचकांना सर्वस्वी अपरिचित नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य होते. त्या काळात या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक कुंभकोणमला राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये येथेच जन्मले. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच नगरात गेले आणि कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्मही १९२५ मध्ये येथेच झाला.

कुंभकोणमची आणखी एक ओळख म्हणजे जवळच्या स्वामीमलै येथील धातुमूर्तींची परंपरा. चोळ राजवटीत, म्हणजे नवव्या ते तेराव्या शतकात, या खोऱ्यात घडलेल्या नटराजाच्या आणि इतर देवदेवतांच्या मूर्ती आज जगभर नावाजल्या जातात. मात्र अशा मूर्तीच्या अंतरंगात काय आहे, हा प्रश्न वरून पाहून सुटत नाही. ती भरीव आहे की पोकळ, ओतकामात कोठे पोकळी राहिली, पुढे कोणी डागडुजी केली का, हे मूर्तीला इजा न करता जाणून घ्यावयाचे असेल, तर धातूच्या आरपार जाणारे साधन हवे. न्यूट्रॉन हे असे एक साधन आहे. पदार्थाची रचना आणि त्यातील अणूंच्या हालचाली न्यूट्रॉनांच्या साहाय्याने अभ्यासणाऱ्या शास्त्राला ‘न्यूट्रॉन प्रकीर्णन’ म्हणतात. भारतात या शास्त्राचा पाया मुंबईजवळ तुर्भे, अर्थात ट्रॉम्बे, येथे घातला गेला.

न्यूट्रॉनच का?

जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉनचा शोध लावला. या कणावर विद्युत्भार नसतो. त्यामुळे तो अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांना न जुमानता थेट अणुकेंद्रापर्यंत पोहोचतो. अणुभट्टीत निर्माण होणारे वेगवान न्यूट्रॉन पाणी, जड पाणी किंवा ग्रॅफाइट यांतून जाताना मंदावतात. सर्वसाधारण तापमानाला आलेल्या अशा ‘औष्णिक’ न्यूट्रॉनाचा वेग सेकंदाला सुमारे २,२०० मीटर असतो आणि त्याची तरंगलांबी सुमारे ०.१८ नॅनोमीटर भरते. घन पदार्थांत शेजारशेजारच्या अणूंमधील अंतरही साधारण एवढेच असते. म्हणून स्फटिकावर पडलेले न्यूट्रॉन ठरावीक दिशांना विखुरतात आणि त्या दिशांवरून अणूंची मांडणी काढता येते.

क्ष-किरणांनीही हे काम होते. तथापि क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, त्यामुळे एकच इलेक्ट्रॉन असणारा हायड्रोजन त्यांना जवळजवळ दिसत नाही. न्यूट्रॉनांना मात्र तो ठळकपणे दिसतो. इतकेच नव्हे, तर साधा हायड्रोजन आणि त्याचा जड समस्थानिक ड्युटेरियम यांतील फरकही न्यूट्रॉन स्पष्ट दाखवितात. नमुन्यातील साध्या पाण्याच्या जागी कमीअधिक प्रमाणात जड पाणी वापरून गुंतागुंतीच्या रेणूचा एखादा भाग उठावदार करता येतो आणि दुसरा लपविता येतो. प्रथिने, साबणासारखे पदार्थ आणि बहुवारिके यांच्या अभ्यासात ही युक्ती फार उपयोगी ठरली आहे.

न्यूट्रॉनाला स्वतःचे चुंबकीय परिबलही असते. एखाद्या पदार्थातील अणूंची सूक्ष्म चुंबके कोणत्या दिशेला रोखलेली आहेत, हे त्यामुळे समजते. शिवाय औष्णिक न्यूट्रॉनाची ऊर्जा अणूंच्या कंपनांच्या ऊर्जेइतकीच असल्याने, आदळल्यावर त्याने किती ऊर्जा गमावली वा मिळविली, हे मोजून अणूंच्या हालचालींचा माग काढता येतो.

पहिली पावले

न्यूट्रॉनांचे विवर्तन होते, हे १९३६ मध्येच प्रयोगाने दिसले होते. परंतु त्या वेळचे स्रोत अतिशय क्षीण होते. अणुभट्ट्या उभ्या राहिल्यावर चित्र पालटले. अमेरिकेतील ओक रिज येथे अर्नेस्ट वोलन आणि क्लिफर्ड शल यांनी १९४६ पासून न्यूट्रॉन विवर्तनाचे पद्धतशीर प्रयोग हाती घेतले. शल आणि त्यांचे सहकारी स्मार्ट यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडमधील शेजारचे चुंबकीय अणू परस्परविरुद्ध दिशांना रोखलेले असतात, हे दाखवून दिले. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेल यांनी मांडलेल्या प्रतिलोहचुंबकत्वाच्या कल्पनेचा हा थेट पुरावा होता.

कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी १९५० च्या दशकात ‘त्रि-अक्ष वर्णपटमापक’ विकसित केला. पहिल्या अक्षावर एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन निवडले जातात, दुसऱ्यावर ते नमुन्यावर आदळतात आणि तिसऱ्यावर बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजली जाते. शल यांच्या पद्धतीने अणू कोठे आहेत हे कळले, तर ब्रॉकहाउस यांच्या पद्धतीने ते काय करीत आहेत हे कळले. या दोघांना १९९४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तुर्भे येथील आरंभ

तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक होय. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती कार्यान्वित झाली. त्याच सुमारास पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार हे तरुण शास्त्रज्ञ चॉक रिव्हर येथे ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करीत होते. तिरुनेलवेली येथे १९३१ मध्ये जन्मलेले अय्यंगार हे तमिळनाडूने मुंबईला दिलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक. जर्मेनियमच्या स्फटिकातील अणुकंपनांवरचा ब्रॉकहाउस आणि अय्यंगार यांचा १९५८ मधील शोधनिबंध या विषयातील पायाभूत लेखनात गणला जातो.

मायदेशी परतल्यावर अय्यंगार यांनी तुर्भे येथे न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा गट बांधला. कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली ४० मेगावॉट क्षमतेची ‘सायरस’ अणुभट्टी १० जुलै १९६० रोजी सुरू झाली आणि प्रयोगांना पुरेसा प्रखर न्यूट्रॉन स्रोत लाभला. परदेशातून तयार उपकरणे आणण्याऐवजी वर्णपटमापक आणि न्यूट्रॉन टिपणारे शोधक येथेच तयार करण्यावर भर देण्यात आला. हा निर्णय पुढे निर्णायक ठरला. उपकरण स्वतः घडविणाऱ्या शास्त्रज्ञाला त्याच्या मर्यादा ठाऊक असतात आणि बिघाड झाल्यास परदेशी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

या कामाची दखल लवकरच घेतली गेली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने न्यूट्रॉनांच्या अप्रत्यास्थ प्रकीर्णनावरील आपला परिसंवाद डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत भरविला. याच दशकात या संस्थेच्या सहकार्याने भारत आणि फिलिपीन्स यांच्यात संयुक्त प्रकल्प राबविण्यात आला आणि भारतीय बनावटीचा वर्णपटमापक मनिला येथे पोहोचला. स्वातंत्र्यानंतर दोन दशकेही उलटली नसताना भारत दुसऱ्या विकसनशील देशाला हे तंत्र शिकवीत होता.

तुर्भे येथील कामाचा आवाका विस्तृत होता. बी. ए. दासन्नाचार्य आणि के. आर. राव यांनी द्रवरूप आर्गॉनमधील अणूंच्या हालचालींवर केलेले प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. एन. एस. सत्यमूर्ती यांच्या गटाने चुंबकीय पदार्थांचा अभ्यास केला. राजगोपाल चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापर्यंत प्रथिनांचे घटक असणाऱ्या अमिनो आम्लांच्या स्फटिकांतील हायड्रोजनच्या जागा न्यूट्रॉनांच्या साहाय्याने निश्चित केल्या. सजीवांच्या रेणूंना आकार देणारे हायड्रोजन बंध समजून घेण्यास त्यामुळे भक्कम आधार मिळाला. अय्यंगार आणि चिदंबरम हे दोघेही पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. अय्यंगार यांचे २०११ मध्ये, तर चिदंबरम यांचे जानेवारी २०२५ मध्ये निधन झाले.

‘ध्रुव’ आणि राष्ट्रीय सुविधा

संपूर्ण भारतीय आराखड्यानुसार उभारलेली १०० मेगावॉट क्षमतेची ‘ध्रुव’ अणुभट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी कार्यान्वित झाली. नैसर्गिक युरेनियम हे तिचे इंधन असून मंदायक म्हणून जड पाणी वापरले जाते. तिच्या गाभ्यात दर चौरस सेंटीमीटरमधून दर सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १८० लाख कोटी औष्णिक न्यूट्रॉन जातात. भट्टीभोवतीच्या दालनात वर्णपटमापक आणि विवर्तनमापक बसविलेले आहेत. काही न्यूट्रॉन तर आरशासारखा गुळगुळीत लेप दिलेल्या, किंचित वळणाऱ्या नलिकांतून शेजारच्या स्वतंत्र प्रयोगशाळेत नेले जातात. वळणामुळे गॅमा किरण आणि वेगवान न्यूट्रॉन मागे राहतात आणि मापन अधिक स्वच्छ होते.

ही व्यवस्था केवळ अणुऊर्जा खात्यापुरती मर्यादित न ठेवता विद्यापीठांनाही खुली करण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेचे मुंबई केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारातच आहे. देशातील कोणत्याही विद्यापीठातील संशोधक आपला प्रस्ताव पाठवू शकतो आणि तो मान्य झाल्यास ‘ध्रुव’वर प्रयोग करू शकतो. ज्या महाविद्यालयाला क्ष-किरणांचे मोठे यंत्रही परवडत नाही, तेथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या व्यवस्थेचे मोल फार मोठे आहे.

हायड्रोजन साठविणारे धातू, विजेऱ्यांतील पदार्थ, अतिसंवाहक, तापविल्यावर प्रसरण पावण्याऐवजी आकुंचन पावणारे पदार्थ, औषध वाहून नेणारे सूक्ष्म कण अशा अनेक विषयांवर या सुविधेतून संशोधन झाले आहे. विजेरीचेच उदाहरण घेता येईल. लिथियम हे हलके मूलद्रव्य क्ष-किरणांना अंधुक दिसते, पण न्यूट्रॉनांना स्पष्ट दिसते. विजेरी भारित होताना लिथियम कोठून कोठे सरकते, हे त्यामुळे अभ्यासता येते.

पुन्हा मूर्तीकडे

स्वामीमलैचे स्थपती आजही मेणाच्या प्रतिमेवर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून त्या जागी धातू ओततात. ‘मधूच्छिष्ट विधान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रीतीचे वर्णन कल्याणीचे चालुक्य राजे सोमेश्वर तिसरे यांच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आले आहे. परंपरेत पंचधातूचा उल्लेख होतो. मात्र जुन्या मूर्तींच्या रासायनिक विश्लेषणात मुख्यतः तांबे आणि त्याबरोबर कथील व शिसे आढळते.

नेहमीच्या क्ष-किरणांना अशी जाड आणि शिसेयुक्त धातू पार करणे कठीण जाते. औष्णिक न्यूट्रॉनांचे गणित वेगळे आहे. एक सेंटीमीटर जाडीच्या तांब्यातून त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश पार होतात आणि तेवढ्याच शिशातून सुमारे दोन तृतीयांश. उलट एक सेंटीमीटर पाण्यातून शंभरातील जेमतेम तीन-चार पलीकडे जातात. म्हणजे धातूच्या आत अडकलेली माती, ओल, मेण किंवा राळ न्यूट्रॉन चित्रात गडद उमटते. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत नेदरलँड्सच्या राइक्स संग्रहालयातील कांस्यमूर्तींच्या अंतरंगाची अशी चित्रे घेण्यात आली आहेत. भारतात कल्पाक्कम येथील ‘कामिनी’ ही ३० किलोवॉटची छोटी अणुभट्टी १९९६ मध्ये सुरू झाली. युरेनियम-२३३ या इंधनावर चालणाऱ्या या भट्टीत न्यूट्रॉन चित्रणाची सोय आहे आणि अणुइंधनापासून अंतराळ कार्यक्रमातील स्फोटक उपकरणांपर्यंत अनेक वस्तू तेथे तपासण्यात आल्या आहेत.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. तमिळनाडूतील देवळांतून चोरीस गेलेल्या मूर्ती परदेशी संग्रहालयांत आणि लिलावांत वारंवार आढळल्या आहेत. पत्तूर येथील नटराज लंडनच्या न्यायालयातील दीर्घ लढ्यानंतर १९९१ मध्ये, तर श्रीपुरंथन येथील नटराज ऑस्ट्रेलियातून २०१४ मध्ये परत आला. मूर्तिचोरीचे खटले कुंभकोणमच्या न्यायालयात चालतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच न्यायालयाने एका आंतरराष्ट्रीय कलावस्तू विक्रेत्याला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. अशा खटल्यांत ‘ही मूर्ती तीच’ हे सिद्ध करावे लागते. जुने छायाचित्र नसेल, तर दावा लंगडा पडतो. मूर्तीतील पोकळ्या, खिळे आणि सांधे यांची रचना मात्र बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक मूर्तीगणिक वेगळी असते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या शारदा श्रीनिवासन यांनी शिशाच्या समस्थानिकांवरून आणि अल्पांशाने आढळणाऱ्या मूलद्रव्यांवरून दक्षिण भारतीय मूर्तींचा काळ ठरविण्याचे काम केले आहे. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात बलदेव राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूर्तींची इजारहित ओळख नोंदविण्याचा पाठपुरावा केला. न्यूट्रॉन चित्रण या प्रयत्नांना पूरक ठरू शकते. त्याच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. फार जाड, भरीव मूर्तीच्या गाभ्यापर्यंत न्यूट्रॉन पोहोचत नाहीत. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने धातूत अल्पकाळ किरणोत्सर्ग निर्माण होतो. तांब्यातील किरणोत्सर्ग काही दिवसांत ओसरतो, पण चांदीचा अंश असल्यास अधिक काळ वाट पाहावी लागते. पूजेतील मूर्ती देवळाबाहेर नेणे हा तर श्रद्धेचा प्रश्न आहे. म्हणून मूर्तीचा कण न कण जपणारी आणि तिला शक्यतो जागेवरून न हलविणारी तपासणी हेच या क्षेत्रातील खरे उद्दिष्ट मानले पाहिजे.

जगातील बदलते चित्र

अणुभट्टीतून मिळणाऱ्या न्यूट्रॉनांच्या प्रखरतेला मर्यादा आहे, कारण गाभ्यातील उष्णता बाहेर काढावी लागते. फ्रान्समधील ग्रनोबल येथील ५८ मेगावॉटची संशोधन अणुभट्टी १९७१ पासून या बाबतीत अग्रेसर राहिली असून तिचा प्रवाह ‘ध्रुव’च्या सुमारे आठपट आहे. यापुढे जाण्यासाठी ‘स्पॅलेशन’ ही दुसरी रीत स्वीकारण्यात आली. त्वरकातून आलेले वेगवान प्रोटॉन टंगस्टन किंवा पारा यांसारख्या जड धातूवर आदळविले जातात आणि प्रत्येक प्रोटॉनामागे वीसच्या आसपास न्यूट्रॉन बाहेर पडतात. हे न्यूट्रॉन ठोक्याठोक्याने येतात, त्यामुळे कोणता न्यूट्रॉन किती वेळात पोहोचला, यावरून त्याची ऊर्जा मोजता येते. येथे साखळी प्रक्रिया नसते आणि त्वरक बंद होताच न्यूट्रॉनही थांबतात.

ब्रिटनमधील ‘आयसिस’ १९८४ मध्ये, अमेरिकेतील ओक रिजचा स्रोत २००६ मध्ये आणि जपानमधील ‘जे-पार्क’ २००८ मध्ये न्यूट्रॉन देऊ लागला. चीनने डोंगग्वान येथील आपला स्रोत २०१८ मध्ये संशोधकांना खुला केला. स्वीडनमधील लुंड येथे अनेक युरोपीय देशांच्या संयुक्त स्रोताचे बांधकाम २०१४ मध्ये सुरू झाले.

दुसरीकडे जुन्या भट्ट्या एकामागून एक विझत आहेत. ब्रॉकहाउस यांच्या परंपरेतील चॉक रिव्हरची भट्टी मार्च २०१८ मध्ये कायमची बंद झाली. २०१९ मध्ये पॅरिसजवळील सॅक्ले आणि बर्लिन येथील भट्ट्यांचे काम थांबले. नवा स्रोत उभारण्यास दशकभराहून अधिक काळ लागतो, त्यामुळे मधल्या वर्षांत प्रयोगासाठी मिळणारे दिवस घटतात. प्रयोगाचे दिवस घटले की त्याची पहिली झळ नवख्या संशोधकांना बसते.

भारतापुढील प्रश्न

भारतालाही हा प्रश्न चुकलेला नाही. नागरी अणुसहकार्यासाठी आखलेल्या विभागणीनुसार ‘सायरस’ ३१ डिसेंबर २०१० रोजी बंद करण्यात आली. मूळ ‘अप्सरा’ २००९ मध्ये थांबली आणि तिच्या जागी २ मेगावॉटची ‘अप्सरा-यू’ १० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तथापि प्रकीर्णनाच्या प्रयोगांचा मुख्य भार आजही १९८५ मधील ‘ध्रुव’वरच आहे. चार दशके चाललेल्या एकाच भट्टीवर देशभरातील संशोधकांनी अवलंबून राहावे, ही चिंतेची बाब आहे. या भट्टीवर समस्थानिकांच्या निर्मितीची जबाबदारीही आहे.

यावर दोन योजना चर्चेत आहेत. विशाखापट्टणम येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या नव्या आवारात उच्च प्रवाहाची संशोधन अणुभट्टी उभारण्याचा प्रस्ताव आहे. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने भारतीय स्पॅलेशन स्रोताची संकल्पना मांडली असून त्यासाठी लागणाऱ्या त्वरक तंत्रावर काम केले आहे. दोन्ही प्रकल्प मोठ्या खर्चाचे आणि दीर्घ मुदतीचे आहेत.

तिसरा मार्ग लहान यंत्रांचा आहे. जपानमधील रिकेन संस्थेत केवळ ७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन बेरिलियमवर आदळवून न्यूट्रॉन मिळविले जातात. पोलादावरील गंज आणि पुलांचे काँक्रीट तपासण्यासाठी या यंत्राचा उपयोग झाला आहे. प्रखरतेत ते मोठ्या स्रोतांची बरोबरी करू शकत नाही, परंतु विद्यापीठाच्या आवारात मावते. तुर्भे आणि कल्पाक्कमच्या पलीकडे, कावेरीच्या खोऱ्यासारख्या भागात असे एखादे यंत्र उभे राहिले, तर मूर्तींची तपासणी आणि विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण ही दोन्ही कामे एकाच छताखाली होऊ शकतील.

१९५० च्या दशकात भारताकडे पैसा कमी होता आणि अनुभव त्याहून कमी होता. तरीही तुर्भे येथे उपकरणे घडली आणि ती घडविणारी माणसेही घडली. नवी भट्टी किंवा नवा त्वरक उभा राहील त्या दिवशी तो वापरणारे आणि दुरुस्त करणारे हात तयार असावे लागतील. ते तयार करण्याची जागा आज ‘ध्रुव’भोवतीचे दालन हीच आहे. ती भट्टी चालू आहे तोवरच तिची उत्तराधिकारी निश्चित करणे, हा या शास्त्राच्या भवितव्याचा भारतातील कळीचा मुद्दा आहे.